बाई, चुंबक उतरलं होतं

बाई, परवा तुमचं पुण्यानुमोदन झालं. विहारात पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्त्या, आणि मधोमध तुमचा तो फोटो, ज्यात तुम्ही फोटो काढणाऱ्यावरच रागावल्यासारख्या दिसता. सगळ्या बाया डोळे पुसत होत्या. आपल्या गल्लीतल्या इंदूनं मला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाली, "वंदना, तू काऊन नाई रडून राह्यली वं? जाऊ गेली ना तुही." मी म्हटलं, "रडली मी. घरी रडली." खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटत होतं. आता हे इंदूला कसं सांगू? जाऊ गेली आणि हिला हायसं वाटतं, एवढं कळलं असतं तर पाऊस लागेपर्यंत गल्लीला दुसरा विषय नसता.

म्हणून तुम्हालाच सांगते. लिहायला बसले की माझी भाषा वेणीफणी करून शाळेत गेल्यासारखी होते, तुम्ही हसाल. हसा खुशाल.

गेलात त्या दिवशी सकाळच्या फेऱ्या करून आलात. स्टेशन, आर्वी नाका, पिपरी मेघे, नेहमीचंच. ई-रिक्षा धुतली. मोटरीवरचं बारदान काढून झटकलं आणि तारेवर वाळत टाकलं. वरण-भात खाल्ला, ठेचा मागितला, मी दिला नाही म्हणून मला चार शब्द ऐकवलेत, आणि कूलरपुढं बाजेवर आडव्या झालात. चहाला उठवायला आले तर तुम्ही निघून गेलेल्या. चेहऱ्यावर काही त्रास नाही, काही नाही. ठेच्याचा राग तेवढा असेल तर असेल. द्यायला पाहिजे होता मी, हे आता रोज जेवताना आठवतं.

तुमच्या प्रफुल्लला बुटीबोरीला फोन लावला. कारखान्यातच होता. पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "काकू, आई गाडीवर होती का?"

"नाई रे बाबू. घरी. बाजेवर झोपली होती."

त्या पोराला काय भीती होती ते मला ठाऊक होतं, तुम्हाला त्याहून जास्त ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यापासून ती भीती आपल्या घरात जेवायला बसत होती, आणि कोणी तिचं नाव घेत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यातली ती दुपार. तुम्ही स्टेशनवरून सवाऱ्या भरून रेल्वेच्या पुलावर चढलात. अर्ध्यावर गाडी कण्हली, थांबली आणि मागं यायला लागली. मागच्या दूधवाल्याच्या मोटारसायकलला जाऊन टेकली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण सवारीतल्या एका म्हातारीची कैऱ्यांची पाटी उलटली आणि कैऱ्या सगळ्या पुलाच्या उतारानं घरंगळत निघाल्या. लोक कैऱ्या वेचतायत, हॉर्न वाजतायत, म्हातारी बोंबलतेय, आणि तुम्ही हँडल धरून तशाच बसून. स्टँडवर त्याचं काय झालं ते सांगायला नको. एवढी वर्षं त्या स्टँडवर तुम्ही एकट्या बाई. प्रफुल्लचे बाबा, आमचे भाऊजी, गेल्यावर होस्टेलात पोळ्या लाटायच्या सोडून तुम्ही रिक्षा घेतली तेव्हा जे गप्प बसले होते, त्यांना सगळ्यांना त्या दिवशी वाचा फुटली. "बाई मानूस. वय झालं. ब्रेकवर पायच नसन ठेवला."

ते बोलले त्याचं मला काही नाही. तुम्ही तेच बोललात त्याचं झालं.

"वंदना, मीनं ब्रेक दाबला का नाई, मलेच आठवत नाई वं. पायातला जीवच गेला माह्या."

प्रफुल्ल रविवारी आला. ओरडला नाही, भांडला नाही. किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "आई, बस झालं आता." तुम्ही मान हलवली. तुम्ही! ज्या बाईनं सासऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं की सुनेच्या हाताला काम आलं तर घराची काही इज्जत जात नाही, ती बाई पोरापुढं मान हलवते म्हणजे काय! मला तेव्हाच धस्स झालं.

कारण ते माझंच काम होतं, बाई, ज्यासाठी तुम्ही सासऱ्यांशी भांडला होतात. मी नवी नवरी, तुमच्या दिरांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, मोटर वाइंडिंगच्या दुकानात डबा घेऊन आले होते. तुम्ही माझा हात धरून उलटा-सुलटा पाहिलात, बाजारात भेंडी पाहतात तसा, आणि म्हणालात, "हिचे बोटं बारीक हायत. हिले भांडे कायले घासाले लावता? तार भराले बसवा." सासरे बोलले, तुम्ही दुप्पट बोललात. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या कितीतरी मोटरी माझ्या बोटांनी भरल्या गेल्या. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. आपल्यात ती रीतच नव्हती. आपल्यात रीत भांडायची होती.

तर किल्ली गेली आणि तुम्ही दारच्या ओट्यावर बसलात. नुसत्या बसलात. आधी गाडी सोडली. मग विळी सोडली, म्हणालात बोट कापून घेईन. मग चुलीवरचं भाताचं गंज उतरवायचं सोडलं, म्हणालात हातातून सुटेल. भाजीबाजारात जायचं सोडलं. संध्याकाळी अंगणात पाणी टाकायचं सोडलं. मला दिसत होतं, एका पुलापायी तुम्ही एकेक वस्तू हातातून खाली ठेवत चालल्या होतात. माझ्याशी भांडायचंही सोडलंत. त्या दिवसांत मी तुमच्या भाजीत मुद्दाम मीठ कमी टाकलं, काही तरी बोलाल म्हणून. तुम्ही गुमान जेवलात. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मग प्रफुल्लनं किल्ली आणून दिली, गाडी विकून टाका म्हणाला. स्टँडवरचा राजू बघायला आला. तो दंडानं गाडी उचलेल असा गडी. आधी रिकामी गाडी घेऊन चक्कर मारून आला आणि दारातूनच ओरडला, "अरे बापरे, काकू! काय पळते वं हे! माह्या गाडीपेक्षा जोरात पळून राह्यली!" तुम्ही ओट्यावरून त्याच्याकडं बघितलं नाही. मग त्यानं स्टँडवरचे चार-पाच दोस्त भरले आणि पुलावर गेला.

येताना गाडी ढकलत आले सगळे. राजूचा सदरा घामानं भिजलेला, तोंड काळं पडलेलं. "काकू, हिच्यात दमच नाई. अर्ध्या पुलावर बसली. मांगं येऊन राह्यली होती, पोरायनं उतरून धरली म्हनून." मी ओट्याकडं बघितलं. तुमची मान वर आलेली. कितीतरी दिवसांनी वर आलेली. राजूच्या त्या खांबासारख्या पायांकडं बघत होतात.

आणि माझं डोकं खडबडून जागं झालं. रिकामी असताना आधीपेक्षा जास्त पळते, ओझं टाकलं की बसते, मोटर हात लावू देत नाही इतकी तापते, बॅटरी लवकर उतरते. पुलाच्या आधी महिनाभर तुम्हीच तर टेंभा मिरवत होतात, "पाह्य वंदना, म्हातारी झाली तरी गाडी कशी पळून राह्यली, पोट्ट्याइच्या गाड्या मांगं टाकते." आपण सगळेच खूश. तुमचे दीर म्हणाले होते, बॅटरी चांगली निघाली. गाडी पळते म्हणजे गाडी चांगली, असंच आपल्याला वाटतं ना! आमच्या धंद्यातही वाटतं. पण चुंबकाच्या मोटरीचं उलटं आहे. आतलं चुंबक मोटर फिरवतं, आणि तेच तिला फार पळण्यापासून धरूनही ठेवतं. चुंबक कमजोर झालं की धरणारं कोणी राहत नाही, रिकामी मोटर मोकाट सुटते. आणि ओढायची वेळ आली की तिच्यात काही नसतं. मग ती ताकद भरून काढायला जास्त करंट खाते, जास्त तापते, आणि तापली की चुंबक आणखी उतरतं.

मी म्हटलं, "बाई, उठा. दुकानात चला."

"मी कायले? मले काय समजते त्याच्यातलं?"

"चुपचाप चला."

तुमच्यासमोर मोटर खोलली. तारा बघितल्या, त्यांच्यावरचा लाखेचा लेप साबूत, जळाल्याचा वास नाही, रंग बदललेला नाही. मग रोटर बाहेर काढला, ज्याच्यावर चुंबकाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात तो. दुकानात तसाच दुसरा पडून होता, तारा जळालेल्या एका मोटरीतला, चुंबक चांगलं असलेला. दोन्ही टेबलावर लांब लांब ठेवले. आधी पक्कड चांगल्याला लावली. खाडकन चिकटली. "ओढा," मी म्हटलं. तुम्ही एका हातानं ओढली, दोन हातांनी ओढली, टेबलाला पाय लावला. निघेना. तुमचे दीर हसायला लागले. मग तुमच्या गाडीच्या रोटरला पक्कड लावली. "आता ओढा."

दोन बोटांनी निघाली.

तुम्ही परत लावली. परत निघाली. परत लावली. हातातल्या पकडीकडं बघत म्हणालात, "म्हंजे मी नाई?"

"तुमी नाई, बाई. ब्रेक तुमी दाबलाच होता, नाई तं गाडी दूधवाल्याले टेकून थांबली नसती, त्याले घेऊन खाली गेली असती. चुंबक उतरलं होतं."

त्या दुकानात, वार्निशच्या वासात, स्टुलावर बसून तुम्ही पदर तोंडाला लावून रडलात. भाऊजींच्या वेळीसुद्धा मी तुम्हाला असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. तुमचे दीर चहा सांगायला म्हणून बाहेर पळाले ते चहा घेऊन आलेच नाहीत.

डोळे पुसले आणि तुमचा पहिला प्रश्न, "कायनं उतरलं?" मी सांगितलं. चुंबकाच्या आत बारीक बारीक कण असतात, सगळे एकाच बाजूला तोंड करून बसलेले, विहारात आपण बसतो तसे. त्या एकजुटीतच त्याची ताकद. फार गरमी झाली की ते चुळबुळ करतात, कोणी इकडं तोंड करतं, कोणी तिकडं. मोटर गार झाली तरी सगळे काही परत सरळ बसत नाहीत. जास्त करंट गेला की हेच, कोणी हातोड्यानं ठोकलं की थोडंफार हेच. तुम्ही लगेच, "मंग पुन्हा बसवा त्याइले! भन्तेजी नाई का बसवत?" मी म्हटलं, बसवता येतात, चुंबक पुन्हा भरायची मशीन असते म्हणतात, पण आपल्याकडं नाही. तुम्हाला ते फार पटलं. "म्हंजे मेलं नाई ते. नुसतं उतरलं."

आणि मग आपलं भांडण लागलं. बाई, काय गोड भांडण होतं ते! मी म्हटलं, दोन गोष्टींनी चुंबक तापलं. एक, दिवाळीत तुम्ही स्टँडवरच्या पोरांच्या नादानं मोठा कंट्रोलर बसवून घेतला, त्यानं मोटरीला झेपेना इतका करंट दिला. दुसरं, तुमचं बारदान. झालं! तुम्ही स्टुलावरून उठलातच.

"माह्या बारदानाचं नाव काढू नको!"

आपल्या स्टँडवर सगळेच करतात ते. वर्ध्याच्या उन्हात डोक्याला ओला दुपट्टा, कूलरला ओला वाळा, तसं मोटरीला ओलं बारदान. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं तुम्ही ते ठेवायचा, मी पाहिलंय. मी म्हटलं, "ओलं हाय तोवर ठीक. दोन फेऱ्यांत वाळते ना ते! मंग त्याची गोधडी होते. वारा लागू देत नाई, मोटर आतल्या आत शिजते." तुम्ही म्हणालात, "कंट्रोलरचं खरं. बारदानाचं खोटं." मी म्हटलं, दोन्ही खरं. तुम्ही म्हणालात, "तू शिकवू नको मले, तुले तार भराले मीनं बसवलं." संध्याकाळी घरी आल्या आल्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलंत. तेव्हा मला वाटलं, चला, परत आल्या.

नवा रोटर टाकला, कंट्रोलर जुना लावला. राजू गाडी न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही पूल चढलात, वर गाडी कडेला थांबवलीत म्हणे, आणि खाली रेल्वेच्या रुळांकडं बघत उगाच उभ्या राहिलात. इंदू होती सवारीत, तिनं सांगितलं. "काऊन थांबलो बाई?" म्हणे. तुम्ही म्हणालात, "काई नाई. हवा चांगली हाय."

उतरलेला रोटर तुम्ही भंगारात जाऊ दिला नाहीत. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलात. त्याला सांडशी चिकटवायची, चाकू चिकटवायचा. "ओझं नाई ओढत आता, पन सांडशी धरते बिचारं." गल्लीतली जी बाई येईल तिला ती सांडशी ओढायला लावायचा, मग दुकानात पाठवायचा, जा, चांगलं कसं असते ते ओढून पाह्य. माझं काम खोळंबायचं. आख्ख्या गल्लीनं सांडशी ओढली, बाई. स्टँडवरचे ते बोलणारेसुद्धा येऊन ओढून गेले.

एकट्या प्रफुल्लला कधी ओढायला लावली नाहीत.

त्यानं किल्ली तुमच्याकडंच राहू दिली होती, गाडी विकायचं परत काढलं नव्हतं, पण त्याला पटलं नव्हतं. त्याला वाटलं, आपण दोघी जावांनी मिळून एक गोष्ट रचली, म्हातारीचं मन राहावं म्हणून. तुम्हाला ओट्यावर बसलेलं बघवेना म्हणून तो हो म्हणाला. तुम्हाला ते कळलं होतं. "तोंडानं हो म्हन्ते, वंदना. पन गाडी काढली का त्याचा जीव अर्धा होते." मी म्हटलं, मी समजावून सांगते. तुम्ही हात जोडलेत. "नको. त्याले वाटन मी तुले पाठवलं." तुम्ही मायलेक सारखेच, मनातलं मनातच शिजवणारे. वर्षभर तो रविवारी यायचा, स्वयंपाकाच्या त्याच ओट्याशी उभा राहून पाणी प्यायचा, आणि तुम्ही दोघं त्या रोटरकडं न बघता हायवेवरच्या जाम चौकातल्या ट्रॅफिकबद्दल बोलायचा.

काल सकाळी तो निघायची तयारी करत होता. स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला. मी चहाचं गंज उतरवायला सांडशी शोधतेय, तर त्यानंच रोटरवरची सांडशी काढून माझ्या हातात दिली. आणि थांबला.

"हे तेच का, काकू? आईच्या गाडीतलं?"

"तेच."

मी गॅस बंद केला. तुम्ही नको म्हणाला होतात, पण आता तुम्ही मला पाठवलं असं त्याला वाटायचा प्रश्न नव्हता. "चाल," मी म्हटलं, "चहा मंग पेजो." दुकानात नेलं. चांगला रोटर काढला, तीच सांडशी लावली. "ओढ." त्यानं एका हातानं ओढली, मग दोन हातांनी, मग टेबलाला पाय लावला, अगदी तुमच्यासारखा. निघेना. चेहरा लाल झाला. सोडून दिली आणि त्याच स्टुलावर बसला.

"म्हंजे आई नोती चुकली?"

"नाई रे बाबू. कधीच नोती चुकली."

तो खाली बघत होता. मग म्हणाला, "मले वाटे, तुमी तिचं मन राखून राह्यल्या. रोज वाटे, आज फोन येईन पुलावरून. वर्षभर, काकू." आणि मग तो रडला, विहारात न रडलेला तुमचा पोरगा. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तुमचे दीर चहा सांगायला बाहेर गेले. या वेळी घेऊन आले.

मला हायसं का वाटतं ते कळलं ना आता? तुम्ही दारच्या ओट्यावर बसून गेला असतात तर मी आयुष्यभर त्या ओट्याकडं बघू शकले नसते. तुम्ही सकाळच्या फेऱ्या करून, गाडी धुऊन, माझ्यावर रागावून गेलात. आणि जे एक राहिलं होतं तेही काल झालं. थोडं उशिरा झालं, पण झालं.

डोळे पुसून प्रफुल्ल म्हणाला, "चाला, काकू. पुलावरून जाऊन येऊ." किल्ली तुमच्या फोटोपुढं ठेवली होती, ती त्यानं उचलली. राजूला बोलावलं, इंदू आली, तुमचे दीर, मी, गाडी गच्च भरली. निघण्याआधी तो तारेकडं गेला. तुमचं बारदान काढलं, बादलीत बुचकळलं, पिळलं, आणि खाली वाकून मोटरीवर नीट पसरलं, चारी बाजूंनी दाबून, तुम्ही दाबायचा तसं. मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

गाडी पूल चढली, बाई. न कण्हता चढली. वर त्यानं कडेला घेऊन थांबवली, आणि इंदूनंसुद्धा काऊन म्हणून विचारलं नाही. हवा चांगली होती.

पूल उतरल्यावर मात्र मी ते बारदान काढायला लावलं. भांडण अजून मिटलेलं नाही आपलं.